न फेकलेले चेंडू

“म्हणजे तुझ्या मते प्लेन्सचा पोरगा भारी आणि रिव्हरचा हलका. एवढंच ना?” रसेल हॅगनने विचारलं.

केतकी हुपरीकरने हातातला रिमोट टेबलावर ठेवला. इतका वेळ घसा कोरडा करून ती जे समजावत होती, त्याचा एका वाक्यात निकाल लागला होता.

“एवढंच नाही,” ती म्हणाली. “केड लार्सन उत्तम आहे, हे खरं. पण डॅरिअस कोल हलका नाही. दोन वर्षांपूर्वी तो लार्सनहून सरस होता. त्याचं काहीतरी बिघडत चाललंय.”

“बिघडलेला म्हणजे हलकाच की,” हॅगन म्हणाला, आणि टेबलाभोवतीचे प्रशिक्षक हसले.

हॅगन हा टोलेडो शहराच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा मुख्य व्यवस्थापक. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. अमेरिकेतला, हेल्मेट घालून, एकमेकांच्या अंगावर धावून जात खेळायचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू हातात पडला की त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढे धावणाऱ्या आपल्या गड्यांपैकी कोण मोकळा आहे ते ताडायचं आणि समोरचे धिप्पाड गडी अंगावर कोसळण्याआधी चेंडू फेकायचा. दर वसंतात व्यावसायिक संघ एका हॉलमध्ये जमतात आणि कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडतात. आदल्या वर्षी जो संघ जास्त हरला त्याचा नंबर आधी. यंदा दुसरा नंबर डुलुथ शहराच्या संघाचा होता आणि तिसरा टोलेडोचा. पहिल्या नंबरच्या संघाला क्वार्टरबॅक नकोच होता. म्हणजे डॅरिअस आणि केड यांच्यातला एक डुलुथला जाणार आणि उरलेला टोलेडोच्या वाट्याला येणार, हे उघड होतं.

कोण भारी, हे ठरवणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुणाला नीट जमलेलं नव्हतं. अमेरिकेतली कॉलेजं गटागटांनी खेळतात; त्या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. डॅरिअस ग्रेट रिव्हर कॉन्फरन्सचा. तिथला प्रत्येक सामना म्हणजे कुस्तीच. केड हाय प्लेन्स कॉन्फरन्सचा. तिथे बचाव ढिला, गडी मोकळे सुटलेले, आणि चेंडू फेकणाऱ्याची चैन. दोन गट एकमेकांशी क्वचितच भिडत. दोन वेगळ्या बोर्डांच्या परीक्षांतले नव्वद टक्के सारखे मानायचे की नाही, तशातला हा प्रश्न.

संघाची आकडेवारी बघणाऱ्या केतकीने तो सोडवला होता. काही वर्षांपूर्वी खेळाडूंच्या आरोग्यासाठी म्हणून नवी हेल्मेटं सक्तीची झाली. आत कपाळाला टेकणाऱ्या संवेदक पट्ट्या आणि डोळ्यांची हालचाल टिपणारा बारीक कॅमेरा. त्या पट्ट्यांतून येणाऱ्या मेंदूतल्या विद्युत‌्लहरींवर केतकीने पीएचडी केली. तिला त्यात एक गोष्ट सापडली. क्वार्टरबॅकची नजर एखाद्या गड्यावर ठरली की एक लहर उठते: हा दिसला. आणि त्याला चेंडू द्यायचा नाही असं ठरलं की दुसरी उठते: हा नको. चेंडू एकदाच फेकला जातो, पण त्याआधी तीन-चार वेळा मनातल्या मनात फेकून पाहिलेला असतो. जुनी आकडेवारी फक्त फेकलेला चेंडू मोजायची. दुबळ्या गटात तो चेंडू सोपाच असतो, त्यावरून काय कळणार? केतकीने न फेकलेले चेंडू मोजायला सुरुवात केली. कोणाला काय दिसलं, कोणी काय नाकारलं आणि किती झटकन नाकारलं. समोरचा संघ कोणताही असो, ही गोष्ट सगळीकडे सारखीच मोजता येत होती. प्लेन्सचा केड आणि रिव्हरचा डॅरिअस पहिल्यांदाच एका मापाने मोजले गेले.

त्याच मापाने दुसरंही काही दाखवलं. ‘दिसला’ आणि ‘नको’ या दोन लहरींमधलं अंतर डॅरिअसच्या बाबतीत वाढत होतं. अगदी थोडं, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पाव हिश्श्याएवढं. आधी केतकीला वाटलं, आपलं गणित चुकतंय. रिव्हरचे बचाव दरवर्षी अवघड होत गेले असतील. तिने समोरच्या संघांचा हिशेब वगळला, हवामान वगळलं, थकवा वगळला. आलेख झुकलेलाच राहिला. शेवटी तिने सामन्यांऐवजी डोक्याला बसलेल्या धक्क्यांच्या क्रमाने आकडे मांडले, आणि इतके दिवस विस्कटलेले ठिपके एका रेषेत येऊन बसले. त्या दिवशी ती जेवली नाही.

“हे डुलुथला माहीत आहे?” हॅगनने विचारलं.

“नाही. आज्ञावलीचा हा भाग फक्त आपल्याकडे आहे.”

“झकास.” हॅगन उठला. “उद्यापासून पत्रकारांना सांगायचं, आम्ही कोलवर फिदा आहोत. डुलुथवाले घाबरून त्यालाच उचलतील. लार्सन आपल्याला मिळेल. केतकी, तू या वर्षी तुझ्या पगाराचं सोनं केलंस.”

“आणि डॅरिअसला कोण सांगणार?”

“काय सांगणार?”

“की त्याच्या मेंदूला मार लागतोय.”

हॅगनने तिच्याकडे, एखादं मूल भलत्या वेळी भलतंच बोललं की पाहावं तसं पाहिलं. “तू डॉक्टर आहेस?”

ती होती, पण त्या अर्थाने नाही.

जी खरी डॉक्टर होती, ती संघाची लिंडक्विस्ट बाई, तिने केतकीचं सगळं ऐकून घेतलं. डॅरिअसच्या मेंदूची छायाचित्रंही मागवली. “स्वच्छ आहेत,” ती म्हणाली. “चक्कर नाही, डोकेदुखी नाही, विसरभोळेपणा नाही. तो अजूनही शंभरातल्या नव्याण्णव माणसांपेक्षा चपळ आहे. जरासा हळू झाला, हा आजार नसतो. मी काय लिहू?”

“की पुढे तपासा.”

“कशाच्या आधारावर? तुझ्या आलेखाच्या? तो वैद्यकीय चाचणी म्हणून मान्य नाही. मान्य व्हायला वर्षं लागतील.”

“तोवर तो खेळत राहील.”

“तोवर सगळेच खेळत राहतील,” लिंडक्विस्ट म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिने डोळे चोळले आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

संघाच्या वकिलाने तर दार उघडं ठेवूनच बोलणं उरकलं. हेल्मेटमधली माहिती स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेची आणि संघांची. खेळाडूंनी तशी सही दिलेली. ती माहिती ‘कामगिरी’ या सदरात मोडते, ‘आरोग्य’ या नव्हे. कामगिरीचं विश्लेषण बाहेर गेलं तर ते गुपित फोडणं. आरोग्यासाठी आणलेली हेल्मेटं, आणि त्यातली माहिती तेवढी आरोग्याची नाही. केतकीने हे त्याला बोलून दाखवलं. “शब्दांत अडकू नका,” वकील म्हणाला, ज्याचं सगळं आयुष्य शब्दांवर चाललं होतं.

खेळाडूंच्या संघटनेच्या कार्यालयात तिने नाव न सांगता फोन केला. त्यांनी विचारलं, खेळाडू आमचा सभासद आहे का? नव्हता. निवड होईपर्यंत तो कॉलेजचा विद्यार्थी. कॉलेजला फोन केला, तर त्यांनी सांगितलं, त्याचा शेवटचा सामना झालाय, तो आता आमचा नाही.

घरी सलील जेवणाची ताटं घेत होता. सलील तिचा नवरा, स्थापत्य अभियंता. केतकीबरोबर अमेरिकेत आल्यावर तीन वर्षं तो कामाच्या परवान्याची वाट बघत घरी बसला होता. आता कुठे त्याला पुलांच्या तपासणीचं काम लागलं होतं, आणि मॉमी नदीवरच्या पुलांबद्दल तो पाहुण्यांना नको इतकं सांगत असे. त्याचा व्हिसा तिच्या व्हिसावर टांगलेला, तिचा संघावर.

“आज काय झालं?” त्याने विचारलं.

“कालचंच. सगळे ऐकतात. मान डोलावतात. आणि पुढच्या खोलीत पाठवतात.” तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. “तुला पुलाला भेग दिसली तर तू काय करतोस?”

“त्याच दिवशी कळवतो. वाटलं तर वाहतूक बंद करतो.”

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही. तसा नियमच आहे.” मग त्याच्या लक्षात आलं. “केतकी, तू त्याला सांगायचा विचार करतेयस.”

“तो अठरा वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखते, सलील. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा माझ्या पीएचडीसाठी त्याच्या हेल्मेटात मीच पट्ट्या बसवल्या. टोचतात म्हणून सगळी पोरं कुरकुर करायची. तो म्हणाला, बसवा डॉक, मला कळायला हवं माझ्या डोक्यात काय चालतं. मी तेव्हा डॉक्टरसुद्धा झाले नव्हते.”

“सांगितलंस तर नोकरी जाईल. साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागेल.”

“माहीत आहे.”

“मला नुसतं सांगतेयस की विचारतेयस?”

सलील ताट उचलून आत गेला. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. बाहेर येऊन तो म्हणाला, “जा. पण परत आलीस की मला म्हणू नकोस, की मी अडवलं नाही.” आणि पुढचे चार दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

मेम्फिसमध्ये डॅरिअसच्या आईचं घर गल्लीच्या टोकाला होतं. लॉरेटा कोल प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने केतकीला ओळखलं, गळाभेट घेतली, बर्फ घातलेला गोड चहा पुढे केला. डॅरिअस सरावाहून आला तो दारातूनच हसत. पण पाठोपाठ त्याची नजर तिच्या जॅकेटवरच्या टोलेडोच्या बिल्ल्यावर गेली आणि हसू आवरलं. ते जॅकेट घालून यायला नको होतं, हे केतकीला तेव्हा सुचलं.

ती सरळ बोलली. लहरी, अंतर, धक्के. टॅबवर आलेख दाखवला. लॉरेटा पुढे झुकून बघत होती. डॅरिअस मागे रेलून.

“डॉक,” तो शेवटी म्हणाला, “तुमचा नंबर तिसरा ना?”

“कसला नंबर?”

“निवडीचा. डुलुथचा दुसरा, तुमचा तिसरा. आज मी घाबरलो, एखाद्या डॉक्टरकडे धावलो, बातमी फुटली, की डुलुथ मला सोडणार. मग मी तुमच्याकडे. तेही स्वस्तात.”

“डॅरिअस, आम्हाला तू नकोच आहेस.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिला जीभ चावावीशी वाटली. ते खरं होतं, तिच्या बाजूने देता येईल असा तो एकमेव पुरावा होता, आणि ऐकणाऱ्याला ते चपराकीसारखं लागलं होतं.

“तुमचा साहेब तर रोज टीव्हीवर सांगतोय की मी हवा आहे.”

“तो खोटं बोलतोय.”

“आणि तुम्ही खरं. एकाच संघाची दोन माणसं.” त्याचा आवाज चढला नाही. “गेल्या महिन्यात एक जण माझ्या जुन्या मैत्रिणीला भेटून आला, मी दारू पितो का विचारायला. एकाने फोनवर मुद्दाम माझ्या वडिलांचा विषय काढला, मी चिडतो का बघायला. सगळे जण काही ना काही चाचपतायत. मी कसं ओळखायचं, की तुम्ही तशा नाही?”

“तू मला ओळखतोस.”

“ओळखायचो. तेव्हा तुम्ही कुणाकडे नोकरीला नव्हतात.”

लॉरेटाने विचारलं, “पण हे खरं असलं तर, बाळा?”

“आई, छायाचित्रं स्वच्छ आहेत. चार संघांच्या डॉक्टरांनी पाहिलीत.” त्याने टॅब उचलून केतकीच्या हातात दिला, अगदी अदबीने. “तुम्ही लांबून आलात. सांभाळून जा.”

लॉरेटा गाडीपर्यंत सोडायला आली. “त्याने सातवीपासून याच एका दिवसाची वाट पाहिलीये,” ती म्हणाली. “तुम्ही महिनाभर आधी येऊन सांगताय. चार वर्षं कुठे होतात?” केतकीजवळ याचं उत्तर होतं, रेषा दिसायला चार वर्षांचे ठिपके लागतात. पण ते उत्तर कुठल्याही आईला देण्यासारखं नव्हतं.

डॅरिअसने हे त्याच्या एजंटाला सांगितलं, एजंटाने स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेकडे तक्रार केली: टोलेडोच्या एका कर्मचाऱ्याने खेळाडूचा भाव पाडण्यासाठी खोटी भीती घातली. हॅगनने केतकीला बोलावलं. तो संतापलेला असेल असं तिला वाटलं होतं. तो खुशीत होता.

“मला तुला काढावं लागणार,” तो म्हणाला. “पण एक सांगतो. मी ठरवूनही एवढं बेमालूम जमवलं नसतं. डुलुथला वाटतंय, कोल आम्हाला इतका हवाय की आम्ही असले धंदे करतोय. आता ते त्याला हातचा सोडत नाहीत.”

तसंच झालं. निवडीच्या दिवशी डुलुथने डॅरिअस कोलचं नाव पुकारलं. लॉरेटा कॅमेऱ्यासमोर रडली, सगळ्या आया रडतात तशी. टोलेडोने केड लार्सनला घेतलं. केतकी रिकाम्या होत चाललेल्या घरात खोक्यावर बसून हे पाहत होती. तिच्या बोलण्याने डॅरिअस वाचला तर नाहीच, उलट त्याच जागी पक्का बसला.

“तू गेली नसतीस तरी हेच झालं असतं,” सलील म्हणाला. त्या दिवसांत त्याने तिच्याशी बोललेलं हे पहिलं मऊ वाक्य. त्याने त्याच्या पुलांच्या कार्यालयाला स्वतःच राजीनामा दिला होता, काढून टाकण्याची वाट न बघता.

“नाही सलील. मी गेल्यामुळे डुलुथची खात्री पटली.”

“मग पुढच्या वेळी जाणार नाहीस?”

“जाईन. जॅकेट घालणार नाही,” ती म्हणाली. सलीलला हसू आलं, तिला आलं नाही.

जूनमध्ये ते कोल्हापूरला आले. नागाळा पार्कात भाड्याने घर घेतलं. सलीलला पंचगंगेवरच्या नव्या पुलाच्या कामावर बोलावणं आलं. केतकीने एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला सुरुवात केली आणि सोबत डोक्याच्या दुखापतींवरचा लेख लिहायला घेतला. पण आकडे सगळे टोलेडोत राहिले होते, आणि आकड्यांशिवाय लेख कुणी छापेना. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला. एकाने लिहिलं, कल्पना रोचक आहे, पुरावा जोडावा.

तिकडे हंगाम सुरू झाला आणि डॅरिअस सुंदर खेळला. पहिले पाच सामने डुलुथ जिंकलं. कुणीतरी केतकीची जुनी भानगड उकरून काढली. टोलेडोच्या त्या बाईला म्हणे याचा मेंदू संथ दिसला होता, असे विनोद फिरले. केतकी ते वाचायची आणि आपण चुकलो असू तर किती बरं, असं तिला मनापासून वाटायचं. मग वाटायचं, तो नुसता थोडा हळू झाला असेल आणि अजून उरलेल्यांच्या पुढेच असेल. तेही तिच्या आलेखात बसत होतं. सगळंच बसत होतं, हाच वैताग होता.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी, तिकडे रविवारची संध्याकाळ असताना, चहाचा कप घेऊन ती टीव्हीपुढे बसली. तिसऱ्या सत्रात डॅरिअसच्या हातात चेंडू आला. उजवीकडे एक गडी मोकळा होता, मधे दुसरा. डॅरिअसने उजवीकडे पाहिलं, मधे पाहिलं आणि पुन्हा उजवीकडे पाहिलं. चेंडू हातातच होता. समोरच्याने त्याला कमरेत धरून आपटलं. समालोचक म्हणाला, पोरगा आज बिचकतोय. पुढच्या डावात पुन्हा तेच. सलील घाईने कामाला निघाला होता. तो दारात थबकून बघत राहिला. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. “हा फेकत का नाही?” त्याने विचारलं.

बुधवारी संध्याकाळी ती कॉलेजातून घरी येऊन टेकते तोच फोन वाजला. परदेशी नंबर.

“डॉक.”

तिने आवाज ओळखला आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. “बोल, डॅरिअस.”

“सामना पाहिलात?”

“हो.”

“दोघंही दिसत होते मला. दोघंही मोकळे होते. कोणता नको, तेच ठरेना. इथले डॉक्टर म्हणतात, मनावरचा ताण आहे. तुमचं मशीन काय म्हणतं?”

“माझ्याकडे मशीन नाहीये आता. सगळं टोलेडोत राहिलं. मी घरी बसून टीव्हीवर पाहिलं, सगळ्यांसारखं.”

“टीव्हीवर दिसलं?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिच्याजवळ एकही आकडा नव्हता. नाही म्हणाली असती तर कुणी तिला धरलं नसतं.

“दिसलं,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्यालाही दिसलं. त्याला खेळ कळत नाही.”

पलीकडे दूर कुणीतरी त्याला हाक मारत होतं, सरावाला चल म्हणून. त्याने ओ दिली नाही.

“मग आईलाही दिसलं असणार,” डॅरिअस म्हणाला. “रविवारपासून तिने मला फोन केलेला नाही.”

“तू कर,” केतकी म्हणाली. “सरावाला जाण्याआधी कर.”